विंडोज सतत अडवतंय? सगळं बंद करण्याआधी नेमकं कोण अडवतंय ते शोधा

आयकराची एक्सेल युटिलिटी उघडत नाही. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा (डीएससी टोकनचा) ड्रायव्हर इन्स्टॉल होत नाही. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम सेव्ह होत नाही. अशा वेळी घरोघरी ठरलेला उपाय होतो: अँटिव्हायरस बंद, फायरवॉल बंद, परवानगी विचारणारी खिडकीही कायमची बंद. काम झालं तर झालं, पण परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. बऱ्याचदा तर कामही होत नाही, कारण अडवणारा दुसराच असतो.

विंडोज ११ मध्ये फाइल किंवा प्रोग्राम अडवू शकतील अशा सात-आठ वेगवेगळ्या सोयी आहेत आणि प्रत्येकीचा कारभार स्वतंत्र आहे. फायरवॉल बंद करून एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे फाइलीतला छोटा प्रोग्राम, सुरू होणार नाही. अँटिव्हायरस बंद करून प्रिंटर दिसायला लागणार नाही. म्हणून आधी कोण अडवतंय ते ओळखायचं, मग फाइल तपासायची आणि तेवढ्याच फाइलपुरती वाट मोकळी करायची. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो.

खालच्या पायऱ्या विंडोज ११ होम धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० मध्ये नावं बहुतेक तीच आहेत, जागा थोड्या वेगळ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्या मशीनवर सुरक्षा सैल करताना हात जास्तच आखडता ठेवा.

## १. हात लावण्याआधीची तयारी

कॉम्प्युटर कुणाचा आहे? सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. कंपनीचं किंवा कॉलेजचं खातं जोडलेलं दिसलं, तर बंधनं तिकडून आलेली असू शकतात. ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला म्हणून तो घरचा होत नाही. तिथे पुढचं काहीही करू नका, आयटी विभागाला सांगा.

तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर आहे का? अकाउंट्समध्ये ‘युअर इन्फो’ पाहा, नावाखाली लिहिलेलं असतं. नसेल तर बरेचसे बदल पासवर्ड मागतील, आणि तो पासवर्ड घरात कुणाकडे आहे हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

तारीख आणि वेळ बरोबर आहे का? हे किरकोळ वाटतं, पण जुन्या डेस्कटॉपवर निम्मा त्रास इथेच असतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग बँकेची, जीएसटीची, आयकराची प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते, कारण ब्राउझरला त्यांची प्रमाणपत्रं अजून सुरूच न झालेली दिसतात. लोक ब्राउझरची सुरक्षा उतरवत बसतात, आणि गरज असते ती नाण्याएवढा सेल बदलण्याची. सेल बदला, तारीख नीट करा, मग परत पाहा.

रिकव्हरी की हाताशी आहे का? सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू दिसलं, तर ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की आधी मिळवा. मायक्रोसॉफ्ट खात्यावर लॉग इन केल्यावर डिव्हाइसच्या माहितीत ती सापडते. कागदावर उतरवा आणि तिच्यासोबतच्या की आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहा, म्हणजे घरात दोन लॅपटॉप असले तरी अदलाबदल होणार नाही.

> सावधान: रिकव्हरी की हातात नसताना बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट किंवा टीपीएमला (कुलपाची किल्ली जपणाऱ्या चिपला) हात लावू नका. पुढच्या वेळी सुरू करताना मशीनने की मागितली आणि ती कुठेच नसली, तर डेटा परत मिळत नाही. दुकानदारालाही मिळवता येत नाही.

रिस्टोअर पॉइंट. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ असेल तर ‘कॉन्फिगर’मधून चालू करा आणि एक पॉइंट तयार करा. यात फोटो आणि कागदपत्रं जपली जात नाहीत, फक्त प्रणालीची स्थिती जपली जाते. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.

शेवटचं म्हणजे अडवणाऱ्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा. पुढची पायरी पूर्णपणे त्या शब्दांवर अवलंबून आहे, आणि खिडकी बंद केल्यावर ‘काहीतरी एरर आला’ एवढंच आठवतं.

## २. कोण अडवतंय ते संदेशावरून ओळखा

- निळी खिडकी, ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’: हा स्मार्टस्क्रीन. फाइल फारशी कुणी वापरलेली नाही किंवा तिच्यावर ओळखीची सही नाही, एवढंच तो सांगतोय. व्हायरस सापडलाच आहे असा त्याचा अर्थ नव्हे.
- स्क्रीन मंद होऊन ‘येस’, ‘नो’ विचारणारी खिडकी: युजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे यूएसी. ही अडवत नाही, विचारते.
- ‘स्मार्ट ॲप कंट्रोल’ असं नाव घेणारा संदेश: ही खात्री नसलेली ॲप्स चालूच न देणारी सोय. इथे ‘तरीही चालवा’ असा पर्यायच नसतो. याचा वेगळा विचार पायरी ५ मध्ये आहे.
- फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलंच ॲप घ्या असा आग्रह: एकतर स्टोअरपुरती सेटिंग लावलेली आहे, नाहीतर मशीन एस मोडमध्ये, म्हणजे फक्त स्टोअरमधलीच ॲप्स चालू देणाऱ्या विंडोजमध्ये, आहे.
- डाउनलोड झालेली फाइल क्षणात गायब: अँटिव्हायरसने ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागी, नेली.
- ‘अनऑथराइज्ड चेंजेस ब्लॉक्ड’: कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस, म्हणजे अनोळखी प्रोग्रामना डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत लिहू न देणारी सोय.
- एक्सेलमध्ये लाल पट्टी, मॅक्रो बंद: ही ऑफिसची स्वतःची सुरक्षा आहे, विंडोजची नव्हे. पिवळ्या पट्टीत ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ लिहिलेलं असेल तर फाइल फक्त वाचण्यापुरती उघडली आहे.
- ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही असा संदेश: कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे न जुळणारे ड्रायव्हर आत येऊ न देणारा पहारा.
- संदेश काहीच नाही, पण प्रिंटर किंवा दुसरा कॉम्प्युटर दिसत नाही: बहुधा नेटवर्क ‘पब्लिक’ ठरवलेलं आहे.

यातला सर्वांत फसवा प्रकार कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसचा. सूचना कोपऱ्यात येऊन निघून जाते, आणि प्रोग्राम मात्र ‘फाइल सापडली नाही’ किंवा ‘डिस्कवर लिहिता येत नाही’ अशी भलतीच तक्रार करतो. डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह होत नाही, पण सी ड्राइव्हवर थेट केलेल्या नव्या फोल्डरमध्ये होतं, असं दिसलं तर संशय इथेच घ्या. गंमत म्हणजे ही सोय मुळात बंद असते. रॅन्समवेअरची (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची) बातमी वाचून घरातल्या कुणीतरी ती चालू केलेली असते आणि नंतर विसरलेली असते.

> तपासा: स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ हे ॲप शोधून उघडा, तिथे ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’खाली ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा. अडवण्याची वेळ आणि तुमच्या अडचणीची वेळ जुळते का? दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल, उदाहरणार्थ क्विक हील, तर नोंद त्याच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये मिळेल. अशा मशीनवर डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, सेटिंग बदलून काही फरक पडत नाही, कारण पहारा दुसराच देतोय.

## ३. फाइल खरी आहे का, ते आधी पाहा

विंडोज उगाच अडवतंय असं वाटणाऱ्या फाइलींमध्ये खरोखर घातक फाइलीही असतात. म्हणून ही पायरी गाळू नका.

फाइल मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवा: आयकराची युटिलिटी आयकर पोर्टलवरून, टोकनचा ड्रायव्हर टोकन बनवणाऱ्याच्या किंवा सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साइटवरून. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली ‘चालणारी’ प्रत नको.

प्रोग्रामवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब. सही निवडून ‘डिटेल्स’ दाबा. सही ठीक असल्याचं वर लिहिलेलं हवं आणि सही करणाऱ्याचं नाव अपेक्षित कंपनीचं हवं. टॅबच नसेल तर फाइलवर सही नाही. छोट्या भारतीय सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे तेवढ्यावरून फाइल वाईट ठरत नाही, पण मग ती कुठून आली हा प्रश्न जास्त महत्त्वाचा होतो.

शंका राहिली तर व्हायरसटोटलवर (अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर) इन्स्टॉलर तपासा. भरलेला रिटर्न, फॉर्म १६ किंवा बँकेचं स्टेटमेंट तिथे चढवू नका. चढवलेल्या फाइली इतरांना उपलब्ध होऊ शकतात.

> सावधान: फोनवरचा माणूस स्क्रीन शेअर करायला लावून ‘अँटिव्हायरस बंद करा’ म्हणत असेल, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत ‘आधी डिफेंडर बंद करा’ अशी सूचना असेल, तर डिफेंडरचंच ऐका.

## ४. फक्त तेवढ्यापुरती वाट मोकळी करा

एक नियम कायम ठेवा: एका वेळी एकच बदल, लगेच चाचणी, उपयोग झाला नाही तर तो बदल मागे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे चाललं हे कळत नाही आणि चारही उघड्या राहतात.

### ४अ. झिप, एक्सेल आणि मॅक्रो

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य खूण चिकटवतं. स्मार्टस्क्रीन आणि ऑफिस तीच खूण पाहून अडवतात. झिप नुसती उलगडली तर ती खूण आतल्या फाइलींवरही उतरते, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं.

1. आधी उलगडलेलं फोल्डर काढून टाका.
2. मूळ झिपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. ‘जनरल’ टॅबच्या अगदी तळाशी ‘अनब्लॉक’चा चौकोन असतो. तो टिक करा, ओके.
3. आता झिप उलगडा.
4. एक्सेल फाइल उघडा. लाल पट्टीऐवजी मॅक्रो सुरू करू का असं विचारणारी साधी पट्टी येईल. तिथे होकार द्या.

‘पेन ड्राइव्हवरून आणली की चालते’ हा अनुभव अनेकांना असतो. त्यात जादू नाही. ती खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅटचा असतो, तिथे ती गळून पडते. फाइल सुरक्षित झालेली नसते, तिच्यावरची चिठ्ठी तेवढी हरवलेली असते.

दरवर्षी त्याच युटिलिटी वापरत असाल तर त्यांच्यासाठी वेगळं फोल्डर करा आणि एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ‘ट्रस्टेड लोकेशन्स’ इथे ते जोडा. डाउनलोड्स फोल्डर कधीही जोडू नका. आणि ‘एनेबल ऑल मॅक्रोज’ निवडू नका. एका रिटर्नसाठी उघडलेलं ते दार उद्या ईमेलमधून येणाऱ्या खोट्या इनव्हॉइसलाही उघडंच मिळतं.

### ४आ. स्मार्टस्क्रीन

पायरी ३ झाली असेल तर निळ्या खिडकीत ‘मोअर इन्फो’ दाबा, मग ‘रन एनीवे’. ‘मोअर इन्फो’ लिंकसारखं बारीक असतं, म्हणून बटण नाहीच असं वाटतं. सेटिंगमध्ये जाऊन स्मार्टस्क्रीन बंद करण्याची गरज जवळपास कधीच पडत नाही.

### ४इ. क्वारंटाइन झालेली फाइल

प्रोटेक्शन हिस्टरीत ती नोंद उघडा आणि धोक्याचं नाव वाचा. ‘पोटेन्शियली अनवाँटेड’ म्हटलं असेल तर सोबत जाहिराती किंवा नको ते टूलबार येत असण्याची शक्यता आहे. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरमध्ये हे फार. त्याला परवानगी देण्यापेक्षा दुसरा कन्व्हर्टर शोधा. नावात ‘ट्रोजन’ असेल आणि फाइल मूळ साइटवरची नसेल, तर विषय संपला.

फाइल खात्रीची असेल तर ‘ॲक्शन्स’मधून परत मिळवा किंवा परवानगी द्या. एक्सक्लूजन, म्हणजे अँटिव्हायरसच्या तपासणीतून कायमची सूट, हा शेवटचा उपाय. घालायचंच असेल तर त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरपुरतं घाला. डेस्कटॉप, डाउनलोड्स, टेम्प किंवा अख्खा सी ड्राइव्ह घालू नका, आणि .exe सारखा फाइलींचा अख्खा प्रकारही वगळू नका.

### ४ई. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस

1. विंडोज सिक्युरिटी, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तळाशी ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’.
2. ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’.
3. ‘ॲड ॲन अलाऊड ॲप’, तिथे ‘रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स’. अडवलेला प्रोग्राम नेमक्या पत्त्यासह मिळतो. हाताने शोधू नका. शॉर्टकट किंवा चुकीची फाइल निवडली जाते.
4. प्रोग्राम पूर्ण बंद करून परत उघडा आणि सेव्ह करून पाहा.

परवानगी त्या पत्त्यावरच्या त्या फाइलीला असते. प्रोग्राम अपडेट होऊन फोल्डरचं नाव बदललं, की तोच त्रास परत येतो. तेव्हा जुनी नोंद काढून नवी घाला. पॉवरशेल, पायथन यांसारख्या दुसऱ्याच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामना मात्र यादीत घेऊ नका. त्यांना परवानगी म्हणजे त्यांच्यावर चालणाऱ्या कोणत्याही स्क्रिप्टला परवानगी.

### ४उ. यूएसीची सारखी विचारणा

स्टार्टमध्ये ‘चेंज युजर अकाउंट कंट्रोल सेटिंग्ज’ शोधा. सरकपट्टीवर चार पातळ्या दिसतील. मूळ पातळी वरून दुसरी. कुणी सर्वांत वर नेली असेल तर विंडोजची स्वतःची सेटिंग बदलतानाही विचारणा होते. ती एक पायरी खाली आणली की बराच वैताग कमी होतो. त्याखालची पातळी फक्त स्क्रीन मंद होणं थांबवते. तळाची पातळी घेऊ नका.

एकच जुना प्रोग्राम दर वेळी ॲडमिनिस्ट्रेटर मागत असेल, तर बहुधा तो आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच लिहायचा प्रयत्न करतो. जुन्या अकाउंटिंग आणि डीटीपी सॉफ्टवेअरची ही सवयच आहे. तो काढून सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये पुन्हा इन्स्टॉल करा. एवढ्याने भागलं नाही तर त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’ टॅबवर ‘युजर्स’ना ‘मॉडिफाय’ परवानगी द्या, आणि यापुढे तो प्रोग्राम साध्या पद्धतीने उघडा. आधी डेटाची प्रत घ्यायला विसरू नका.

### ४ऊ. डोंगल, टोकन आणि मेमरी इंटिग्रिटी

विंडोज सिक्युरिटी, ‘डिव्हाइस सिक्युरिटी’, ‘कोअर आयसोलेशन डिटेल्स’. न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी दाखवली असेल तर नाव टिपून घ्या. पहिला उपाय म्हणजे बनवणाऱ्याच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर. जुना आधी अनइन्स्टॉल करा, मशीन रिस्टार्ट करा, मग नवा घाला, आणि टोकन इन्स्टॉल पूर्ण झाल्यावरच लावा. नवा ड्रायव्हर निघतच नसेल आणि उपकरण बदलता येत नसेल, तरच मेमरी इंटिग्रिटी बंद करून रिस्टार्ट करा. काम रोजचं नसेल तर झाल्यावर परत चालू करा.

### ४ए. प्रिंटर आणि शेअर केलेलं फोल्डर

सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, वायफायच्या प्रॉपर्टीज. घरच्या राउटरसाठी ‘प्रायव्हेट’ निवडा. हॉटेल, कॅफे, मोबाइल हॉटस्पॉट यांना ‘पब्लिक’च राहू द्या. तरीही प्रिंटर दिसला नाही तर लॅपटॉप राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर आहे का ते बघा. तिथली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सहसा रचना असते. फायरवॉल बंद करण्याची वेळ इथेही येत नाही.

## ५. परतीची वाट नसलेले दोन निर्णय

एस मोड. सेटिंग्ज, सिस्टिम, ‘ॲक्टिव्हेशन’मधून स्टोअर उघडून बाहेर पडता येतं. हे फुकट आहे आणि फाइली जात नाहीत. दुकानात कुणी याचे पैसे मागितले तर देऊ नका. एकदा बाहेर पडलात की परत एस मोडमध्ये जाता येत नाही. त्याआधी ‘ॲप्स’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज’मध्ये ‘चूज व्हेअर टू गेट ॲप्स’ पाहा. नुसती तीच सेटिंग ‘स्टोअर ओन्ली’वर असेल तर ती बदलून भागतं.

स्मार्ट ॲप कंट्रोल. यात एखाद्या ॲपपुरती सूट देण्याची सोय नाही: चालू तरी ठेवा, नाहीतर पूर्ण बंद. आणि अनेक आवृत्त्यांमध्ये एकदा बंद केलं की विंडोज रीसेट केल्याशिवाय परत चालू होत नाही. म्हणून आधी त्याच सॉफ्टवेअरची नवी, सही असलेली आवृत्ती शोधा. घरात लहान मुलं काहीही उतरवत असतील तर ते ॲप सोडून द्या. रोजचं काम त्या ॲपवरच असेल आणि पर्याय नसेल, तर विचार करून बंद करा. बाकीचे पहारे तसेच राहतात.

## ६. सेटिंग राखाडी, ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’

घरच्या मशीनवर हे दिसलं तर तीन शक्यता: ऑफिसचं खातं जोडलं आहे, ‘पीसी फास्ट करा’ छापाच्या एखाद्या टूलने डिफेंडरची पॉलिसी बदलली आहे, किंवा मालवेअरने. आधी ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रिस्टार्ट होतं आणि साधारण १५ मिनिटं लागतात, म्हणून उघडी कामं सेव्ह करा. मग त्याच टूलमध्ये जाऊन केलेले बदल उलटवा. जुना अँटिव्हायरस नीट निघाला नसेल तर त्याच्या कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा. व्हिडिओ बघून रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) नोंदी पुसत बसू नका. एवढ्याने झालं नाही तर डेटाची प्रत घेऊन विंडोज रीसेट करणं कमी वेळात होतं.

## ७. काम झाल्यावर

विंडोज सिक्युरिटीचं मुख्य पान उघडा. सगळ्या चौकटींवर हिरवी खूण हवी. पिवळी असेल तर तुम्ही जाणूनबुजून बंद ठेवलेली गोष्टच ती आहे ना, हे बघा. एक्सक्लूजनची यादी उघडा आणि ज्या नोंदीचं कारण आठवत नाही ती काढून टाका. यूएसीची पट्टी वरून दुसऱ्या पातळीवर आहे का, तेही पाहा.

काय बदललं ते एका ओळीत लिहून ठेवा: तारीख, सेटिंग, कशासाठी. घरात दोघं-तिघं मशीन वापरत असतील आणि ‘मी काही केलं नाही’ असं सगळेच म्हणत असतील, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘विंडोज डिफेंडर’, ‘ऑपरेशनल’ इथे जा. ५००७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिफेंडरची सेटिंग बदलली, १११६ म्हणजे धोका सापडला आणि ११२३ म्हणजे कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसने कुणाला तरी अडवलं. वेळ मिनिटासकट असते.